अडवलेल्या सावांची मोजदाद कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील सायबर सुरक्षेवरील पानभर लेख वाचला. लेखकाची भाषा ओघवती आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पहाऱ्यावर त्यांचा जो निःशंक विश्वास आहे त्याचा हेवा वाटतो. यंत्राने किती हल्ले हेरले, किती बनावट मेल गाळले, किती चोरट्यांना उंबऱ्यावरच रोखले, हे सारे लेखात आले आहे. त्याच यंत्राने किती निरपराध माणसांना उंबऱ्यावर रोखले, याबद्दल मात्र चकार शब्द नाही. माझे आयुष्य लेखापरीक्षणात गेले. जमेची बाजू काठोकाठ भरलेली आणि नावेची बाजू कोरी, असे खाते समोर आले तर त्यावर सही करू नये, एवढे तरी त्या धंद्याने मला शिकवले आहे.

हे पत्र मी चिडून लिहिते आहे, कारण त्या कोऱ्या बाजूला माझेही नाव लिहायला हवे होते. काही महिन्यांपूर्वी आजारी बहिणीच्या सोबतीसाठी मी परगावी गेले होते. तिथे माझा फोन पडून बंद झाला, म्हणून रात्री उशिरा बहिणीच्या संगणकावरून मी माझा मेलबॉक्स उघडू पाहिला. ठिकाण नवे, यंत्र नवे, वेळ अवेळीची. कारण विचारले असते तर मी एका वाक्यात सांगितले असते. विचारले कुणीच नाही. ‘असामान्य हालचाल’ असा शेरा मारून खाते गोठवण्यात आले. ओळख पटवण्याचा कोड पाठवला तो नेमका त्या बंद पडलेल्या फोनवर. दुसरा मार्ग मागितला तेव्हा कोड मेलने पाठवण्याची तयारी दाखवण्यात आली, आणि तीही ज्याला कुलूप घातले होते त्याच मेलबॉक्सवर. मदतीच्या खिडकीत जो ‘साहाय्यक’ बोलायला आला तोही यंत्रच निघाला. ‘आपली अडचण मी समजू शकतो’ असे म्हणून तो दर वेळी तीच ती माहितीची पाने पुढे सरकवी. ‘मला माणसाशी बोलायचे आहे’ असे लिहिल्यावर त्याने आमच्याशी संपर्क कसा साधावा या विषयावरचे पान काढून दिले, आणि त्या पानाच्या तळाशी पुन्हा तोच साहाय्यक हजर होता.

एका संस्थेच्या लेखापरीक्षणाचे कागद त्या मेलबॉक्समध्ये अडकून पडले आणि त्यांची मुदत टळली. पुढे कंपनीने आपण होऊन खाते उघडले. का अडवले होते ते सांगितले नाही, का सोडले तेही नाही.

याच काळात बहिणीच्या मेलबॉक्समध्ये, जो त्याच कंपनीचा आहे, एक पत्र बिनबोभाट येऊन पडले. आपले खाते स्थगित होणार आहे, ते चालू ठेवण्यासाठी खालील दुव्यावर पासवर्ड नोंदवावा, असा मजकूर होता. पत्र बनावट होते आणि त्यातले मराठी निर्दोष होते. शुद्धलेखन, विरामचिन्हे, आदरार्थी क्रियापदे, सारे जागच्या जागी. उलट मला आलेल्या खऱ्या सूचनेत ‘आपल्या खाते मध्ये असामान्य क्रियाकलाप सापडले गेले आहे’ असे वाक्य होते. मोडक्यातोडक्या भाषेवरून बनावट पत्र ओळखावे, असा सल्ला आम्हाला इतकी वर्षे दिला गेला. तो पाळला असता तर मी खरे पत्र फेकून दिले असते आणि बहिणीने खोट्यावर विश्वास ठेवला असता. चोरांची भाषा सुधारण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेने चोख केले आहे, याची नोंद आपल्या लेखकांनी घ्यायला हरकत नव्हती.

आता हिशेबाकडे वळते. लेखात ‘जवळजवळ अचूक’ असा शब्दप्रयोग आहे. समजा, ही अचूकता ९९ टक्के आहे. समजा, एका दिवसात १० लाख लोक आपापली खाती उघडतात आणि त्यांत १०० चोर आहेत. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) यंत्र ९९ चोर पकडील, आणि टाळ्या वाजवाव्यात अशीच ती कामगिरी असेल. पण उरलेल्या ९ लाख ९९ हजार ९०० प्रामाणिक माणसांपैकी एक टक्का, म्हणजे ९,९९९ माणसेही त्याच वेळी अडवली जातील. अडवलेल्या दर शंभरांत चोर जेमतेम एक आणि बाकीचे माझ्यासारखे. यंत्र बिघडलेले नाही. चोर थोडे आणि साव फार असले की गणित असेच येते. हा माझा शोध नव्हे. संगणक-संशोधक स्टीफन अ‍ॅक्सेलसन यांनी संगणकांतील घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणालींबाबत हाच मुद्दा १९९९ मध्ये मांडला होता, आणि नेहमीपेक्षा वेगळे वागणारा तो संशयित ही मूळ कल्पना डोरोथी डेनिंग यांच्या १९८७ च्या शोधनिबंधातली आहे. ‘कालपरवा उगवलेली क्रांती’ असे तिचे वर्णन लेखात वाचून म्हणूनच गंमत वाटली.

खोट्या इशाऱ्यांचा दुसरा परिणाम असा, की खऱ्या इशाऱ्याची किंमत जाते. अमेरिकेतील टार्गेट या दुकानांच्या साखळीत २०१३ साली सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. तिथल्या सुरक्षा-प्रणालीने धोक्याची सूचना दिली होती. माणसांनी ती मनावर घेतली नाही. रोज ढिगाने येणाऱ्या सूचनांची ज्यांना सवय झाली आहे त्यांनी एखादी बाजूला सारली, तर मला नवल वाटत नाही. यावर या क्षेत्रातील मंडळींचे उत्तर तयार असते: मग माणसाला मधून काढून टाका आणि निर्णय यंत्रालाच घेऊ द्या. माझ्या बाबतीत नेमके तेच केले गेले होते.

शिवाय ‘सामान्य’ दिसण्याची धडपड प्रामाणिक माणूस करत नाही, कारण तसे करावे लागते हे त्याच्या गावीही नसते. चोर मात्र तेवढ्यासाठीच रात्री जागवतो. सायलन्स या कंपनीच्या, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या अँटिव्हायरसची स्कायलाइट सायबरच्या संशोधकांनी २०१९ मध्ये जी फटफजिती केली ती आठवावी. एका ऑनलाइन खेळाच्या फाइलमधील अक्षरांचे तुकडे उचलून त्यांनी घातक प्रोग्रॅमच्या शेपटाला जोडले, आणि त्या पहारेकऱ्याने अनेक नामचीन घातक प्रोग्रॅम निर्धोक ठरवून आत सोडले. खेळाचा वेष घेतलेला चोर आत, आणि आजारी बहिणीच्या घरून आलेली मी बाहेर.

आणि पहारेकऱ्याचाच तोल गेला तर काय होते, तेही लेखात यायला हवे होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या प्रणालीला पाठवलेल्या एका अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमाने रद्द झाली, रुग्णालयांची कामे खोळंबली. त्यात हल्लेखोर कुणीच नव्हता, आणि दोष कृत्रिम बुद्धिमत्तेचा होता असेही मी म्हणत नाही. रचनेत २१ नोंदी धरलेल्या होत्या आणि प्रोग्रॅम २० च पुरवत होता, इतकी ती साधी चूक होती. एखादा शिकाऊ कारकून ताळा जुळवताना करतो तशी. परंतु ज्याच्या हाती प्रत्येक संगणकाच्या मुळापर्यंतचे अधिकार दिले आहेत, त्याच्या साध्या चुकीचे मोल साधे राहत नाही. अशा जागी आता आणखी स्वयंचलित निर्णय बसवायचे असतील, तर चुकल्यास भरपाई कोण देणार, हे लेखकांनी एका ओळीत तरी विचारायचे होते.

या तंत्राचा काहीच उपयोग नाही, असा माझा दावा नाही. गूगलच्या ‘बिग स्लीप’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने २०२४ मध्ये एसक्यूलाइट या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमधील एक दोष नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधीच शोधून दिला. दोष हुडकण्याचे असे काम यंत्राने खुशाल करावे. त्यात चुकले तर फार तर तपासणाऱ्याचा वेळ वाया जातो. माणसाला दाराबाहेर उभे करायचे असेल, तर दाद मागण्यासाठी पलीकडे माणूस हवा, आणि का अडवले याचे कारण लेखी मिळायला हवे. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण नियमांत, कलम २२ मध्ये, केवळ यंत्राने घेतलेल्या व माणसावर मोठा परिणाम करणाऱ्या निर्णयांबाबत माणसाकडे दाद मागण्याची तरतूद आहे. मेलबॉक्स बंद होणे हा ‘मोठा परिणाम’ आहे की नाही, यावर वकील वाद घालत बसतील. त्यांचे मेलबॉक्स तोवर चालू असावेत, ही सदिच्छा. कंपन्यांनीही पकडलेल्या चोरांच्या आकड्याशेजारी चुकून अडवलेल्या ग्राहकांचा आकडा छापावा, आणि तो छापत नसतील तर आपल्या वार्ताहरांनी तो मागावा.

जाता जाता, लेखासोबतच्या चौकटीविषयी. ‘पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदला’ असा सल्ला तिथे ठळक अक्षरांत दिला आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावावा, असे सांगितले आहे. सक्ती केली की लोक जुन्याच पासवर्डच्या शेवटचा आकडा एकाने वाढवतात, हे कुठल्याही कचेरीत विचारले तरी कळेल. कृपया या चौकटीबाबत पुढील अंकात खुलासा छापावा.

कळावे,
आपली एक जुनी वाचक