इंटर्नशिप की नातेवाइकांची यादी?

संपादक महोदय,

माझी मुलगी टीवायबीकॉमला आहे. उन्हाळ्यात म्युच्युअल फंडाच्या इंटर्नशिपला गेली, तर पहिल्याच दिवशी हातात कोरा कागद: वीस नातेवाइकांची नावं, मोबाइल नंबर, प्रत्येकाची एसआयपी, म्हणजे दरमहा फंडात भरायची ठरावीक रक्कम. तिच्या मामाने भिडेखातर हजाराची सुरूही केली. वास्तविक फंड विकायला एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा आणि ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेची नोंदणी लागते. पोरांकडे दोन्ही नसतं.

आठवड्यात तिने ते सोडलं आणि कॅनडा कॉर्नरजवळच्या एका फंड वितरकाकडे दोन महिने काढले. पगार नाही, चहा तेवढा मिळायचा. तिथे दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आले. ते दरमहा एसआयपी कुठून भरणार? पैसा येतो हंगामात, एकदाच! तो कमी जोखमीच्या लिक्विड फंडात ठेवून दर महिन्याला थोडा थोडा शेअरमध्ये गुंतवणाऱ्या इक्विटी फंडात वळवायचा, म्हणजे एसटीपी. वितरक समजावत होते, ही शेजारी बसून फॉर्म भरत होती. इक्विटी फंडात दुपारी तीनच्या आत पैसे पोचले नाहीत तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या युनिटचा भाव, लागते, हे मात्र बोलणी खाऊन शिकली. आता मुलाखतीत सांगायला तिच्याकडे काहीतरी आहे.

महाविद्यालयांनी प्रमाणपत्र जमा करून घेताना मुलांना एवढं तरी विचारावं, की काम काय केलंस?

— एक पालक, इंदिरानगर, नाशिक