गोट चीज आमच्या दावणीला बांधलेलं आहे

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मक्याच्या खाऱ्या केकची, म्हणजे आपल्या टिक्कीची, पाककृती आली होती. साहित्यात ‘गोट चीज १०० ग्रॅम’ असं लिहिलं होतं आणि पुढे सूचना होती, ‘मोठ्या शहरांतल्या सुपरमार्केटमध्ये मिळतं, न मिळाल्यास पनीर वापरावं.’ हे वाचत होते तेव्हा माझ्या गॅसवर सकाळच्या धारेचं शेळीचं दूध तापत होतं. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी संगमनेर तालुक्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. आता घरच्या सहा शेळ्या आणि दोन एकरांतला मका, कांदा हेच माझं जग आहे. ज्या गावावरून ‘संगमनेरी’ शेळीला नाव मिळालं, त्या गावाच्या वाचकांना गोट चीज शोधायला शहरात पाठवू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. ही शेळी आमच्या जिल्ह्यात, नाशिकात, पुण्यात सगळीकडे आहे. मांसासाठी आणि दुधासाठी, दोन्हीसाठी ती पाळली जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्यावर संशोधनाचा प्रकल्प आहे. असं असताना तिच्या दुधाचा पदार्थ परदेशी आणि महागाचा ठरतो, हे मला फार लागलं.

मला स्वतःला हे उशिराच कळलं. माझी धाकटी लेक फ्रान्समधल्या तूर शहरात दोन वर्षं शिकायला होती. पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा कपड्यांच्या घडीत गुंडाळून तिनं एक चीज आणलं. लांबट, हाताच्या पंजाएवढं, वरून राखेचा करडा थर आणि मधून आरपार गवताची एक काडी. सेंत-मोर द तूरेन त्याचं नाव. ती काडी राईच्या पेंढ्याची असते आणि चीज मोडू नये म्हणून आत घालतात, असं तिनं सांगितलं. कापल्यावर आतून पांढरंशुभ्र निघालं. मी वास घेतला आणि म्हणाले, ‘अगं, हा तर आपल्या गोठ्याचा वास आहे.’ ती म्हणाली, ‘आई, तेच तर सांगायला आणलंय.’

त्या वासामागचं कारण मी नंतर वाचलं. शेळीच्या दुधाच्या स्निग्धांशात तीन आम्लं गाईच्या दुधापेक्षा जास्त असतात, कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक. लॅटिनमध्ये शेळीला ‘कॅप्रा’ म्हणतात, त्यावरून ही नावं पडली. पण या वासातला मोठा भाग आपल्या हातात असतो. पैदाशीचा बोकड दुभत्या शेळ्यांपासून लांब बांधायचा, कास कोमट पाण्यानं धुवायची, पहिल्या चार धारा वेगळ्या काढून टाकायच्या आणि दूध गोठ्यात उघडं ठेवायचं नाही. एवढं पाळलं की दूध इतकं गोड लागतं की माझ्या शेजारच्या मुलांना ते शेळीचं आहे हे सांगेपर्यंत कळत नाही. सांगितल्यावर मात्र ती तोंड वाकडं करतात. ती खोड मोठ्यांनी लावलेली आहे.

आता या दुधाचं होतं काय, तेही सांगते. माझ्या तीन दुभत्या शेळ्यांचं मिळून दिवसाला अडीच-तीन लिटर दूध निघतं. एकदा कॅन घेऊन दूध संकलन केंद्रावर गेले होते. तिथल्या माणसानं हात जोडले. त्यांचं दरपत्रक गाईचं आणि म्हशीचं, शेळीसाठी रकानाच नाही. शेळीचं दूध त्यात ओतलं तर ती भेसळच होईल, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. राग त्याच्यावर नाही. रकाना नाही, त्याचा आहे. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की मात्र तालुक्याच्या गावाहून माणसं बाटल्या घेऊन दारात उभी राहतात आणि मागाल तो भाव देतात. मी त्यांना नेहमीच्या भावानं दूध देते आणि हेही सांगते की या दुधानं प्लेटलेट वाढतात असं सिद्ध झालेलं नाही, डॉक्टरांचे उपचार सोडू नका. आजारी माणसाच्या घाबरण्यावर मला चार पैसे कमवायचे नाहीत. साथ ओसरली की तीच माणसं ‘वास येतो’ म्हणून नाक मुरडतात. उरलेलं दूध करडं पितात, थोडा चहा होतो आणि बाकीचं मी कापडात बांधते.

पनीर हा गोट चीजला पर्याय का नाही, हे आधी लिहिते. पनीर गोडसर, घट्ट आणि चिवट असतं. त्याला आंबटपणा नसतो. टिक्कीत घातलं तर ते नुसतं बसून राहतं. शेळीच्या दुधाचं पनीर करायला जावं तर ते भुसभुशीत होतं आणि बायका म्हणतात, ‘फसलं.’ ते फसलेलं नसतं. दह्याला घट्टपणा देणारं अल्फा-एस-वन केसीन नावाचं प्रथिन शेळीच्या दुधात सहसा कमी असतं, म्हणून त्याची कवडी पडत नाही. आपण ज्याला दोष म्हणतो त्याच मऊपणावर फ्रेंच माणसांनी आपली चीजं उभी केली.

माझी पद्धत अशी आहे. दोन लिटर दूध गाळून त्याला एक उकळी आणायची. फार आटवायचं नाही. बोट घातलं की सोसेल इतकं कोमट झालं की तीन चमचे ताजं ताक घालून हलक्या हातानं ढवळायचं आणि झाकून ठेवायचं. भाद्रपदाच्या हवेत बारा तास लागतात, थंडीत सोळा, वैशाखात आठ तासांतच बघावं लागतं. तिकडे यात रेनेटचे, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याचे, दोन-चार थेंब घालतात. माझ्याकडे ते नसतं आणि त्याच्यावाचून माझं अडलेलं नाही. दही सैल लागतं, घाबरायचं नाही. पातेलं गरम पाण्याच्या परातीत अर्धा तास ठेवायचं, पळी लावायची नाही. कडेनं हिरवट-पिवळी निवळी सुटायला लागते. ती सुटली की जुन्या धुतलेल्या मलमलीच्या चौघडीत दही ओतून आठ-दहा तास टांगायचं. इथपर्यंत तो चक्का असतो. चीज होतं ते पुढच्या दोन गोष्टींनी. एक सपाट चहाचा चमचा मीठ त्यात मळून, परत त्याच कापडात बांधून, चाळणीवर ठेवून वर वरवंटा ठेवायचा, तीन तास. कापड उघडलं की साधारण ४०० ग्रॅमचा गोळा मिळतो. तो बोटानं चुरला तर रव्यासारखा पडतो आणि जिभेवर लोण्यासारखा विरघळतो. रंग इतका पांढरा की शेजारी गाईचं पनीर पिवळं दिसावं, कारण चाऱ्यातला पिवळा कॅरोटीन शेळी दुधात उतरू देत नाही, त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते. फ्रीजमध्ये पाच दिवस राहतं. निवळीत मी ज्वारीच्या भाकरीचं पीठ मळते.

आता मका. पाककृतीत ‘कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी’ छापलं होतं. मूळ इंग्रजी पाककृतीत ते मक्याचं दळलेलं पीठ असणार. आपल्याकडे किराणा दुकानात कॉर्नफ्लोअर मागितलं की पांढरं स्टार्च मिळतं, जे आपण सूप दाट करायला वापरतो. माझ्या जाऊबाईंनी पुरवणी वाचून त्या पिठाच्या टिक्क्या केल्या. तव्यावर खळीसारखा चिकट गोळा झाला आणि चार कणसं वाया गेली. हे आपण दुरुस्तीच्या चौकटीत अवश्य छापावं. हवं आहे ते मक्याचं पिवळं पीठ, गिरणीतून थोडं जाडसर काढलेलं.

कणसं चार घ्यायची. दाण्याला नख लावलं की दूध आलं पाहिजे. पाणी आलं तर कोवळं, काहीच नाही आलं तर जून. तोडल्या दिवशीच करावं, कारण तोडल्यापासून दाण्यातली साखर स्टार्चमध्ये बदलत जाते. शेतातल्या आणि बाजारातल्या कणसाच्या चवीत जो फरक लागतो तो बराचसा या एका गोष्टीमुळे. तीन कणसं किसणीवर किसायची, माझी इंदूरची मावसबहीण भुट्ट्याच्या किसासाठी किसते तशीच, आणि कणसाचा दांडा सुरीच्या पाठीनं निपटून घ्यायचा. खरा रस तिथेच असतो. चौथ्याचे दाणे सुरीनं काढून जाडसर ठेचायचे. अख्खे ठेवले तर तापल्या तव्यावर फुटून उडतात आणि हात भाजतो.

त्यात अर्धी वाटी मक्याचं पीठ, दोन चमचे तांदळाचं पीठ, मूठभर बारीक चिरलेली कांद्याची पात, दोन हिरव्या मिरच्या, जिरं, कोथिंबीर. एक अंडं. आमच्या सासूबाईंसाठी अंड्याऐवजी दोन मोठे चमचे बेसन, आणि खरं सांगायचं तर मला तीच चव जास्त आवडते. दहा मिनिटं झाकून ठेवायचं, पीठ रस पितं. मीठ अगदी शेवटी आणि हात राखून, कारण चीजमध्ये आहेच. आधी घातलं तर पाणी सुटून मिश्रण पातळ होतं. सगळ्यात शेवटी, तवा तापल्यावर, १०० ग्रॅम थंड चीज बोटांनी हरभऱ्याएवढं तोडून टाकायचं आणि एकदाच उलटं-पालटं करायचं. कालवत बसलं की ते पिठात नाहीसं होतं आणि पुढे घासाघासाला लागणारा तो आंबट-खारा पांढरा कण हरवतो. सगळा खटाटोप त्या कणासाठी आहे.

बिडाच्या तव्यावर चमचाभर तेल, तळहाताच्या खळग्याएवढी टिक्की, अर्धा इंच जाड, मध्यम आच, एकेक बाजू चार मिनिटं. झाकण नको. ताडकन उलथायला जाऊ नये. कड तपकिरी झाली की टिक्की आपोआप तवा सोडते. बारा-तेरा होतात. बरोबर कारळ्याची चटणी. मागल्या महिन्यात नाक मुरडणाऱ्या त्याच मुलांनी उभ्या उभ्या नऊ खाल्ल्या. कशाच्या आहेत ते मी आधी सांगितलं होतं.

एक कळकळीची सूचना मात्र ठळक छापावी. दूध उकळल्याशिवाय यातलं काहीही करू नये. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने येणाऱ्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली ओळखला, आणि तो शेळ्यांच्या दुधातून येतो हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित यांनी दाखवलं. तोच ब्रुसेलोसिस आजही आपल्याकडे आहे. माझ्या एका पुतण्याला धारोष्ण दूध प्यायची हौस होती. संध्याकाळी ताप, पहाटे घाम, सांधे धरलेले, असे तीन महिने गेले, मग निदान झालं. तो बरा झाला, पण वर्ष वाया गेलं. शेळी गाभडली तर हातमोज्याशिवाय तिला हात लावू नये आणि जनावरांच्या दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. आणि ज्यांना गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे त्यांनी शेळीचं दूध चालेल असं परस्पर ठरवू नये. दोन्हींतली प्रथिनं बरीच सारखी असतात.

माझी आपल्याकडे आणि आपल्यामार्फत इतरांकडे मागणी आहे. पाककृती छापताना ‘शेळीचं दूध, दोन लिटर’ असं लिहा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळानं आणि कृषी विद्यापीठांनी बचत गटांच्या बायकांना दूध स्वच्छ काढण्याचं आणि चीज करण्याचं दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण गावात येऊन द्यावं. दूध संस्थांनी दरपत्रकात शेळीचा एक रकाना आणि केंद्रावर एक वेगळा लहान कॅन ठेवावा. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, पण आमच्याकडे तिची किंमत होते ती बहुतेक खाटकाच्या काट्यावर. जिच्याकडे जमीन नाही अशी बाईसुद्धा बांधावरचा पाला, शेवरी आणि मक्याची कणसं काढल्यावर उरलेली ताटं घालून चार शेळ्या सांभाळते. तिच्या दुधाला दर मिळाला तर हातात पैसे नाहीत म्हणून जूनमध्ये दुभती शेळी बाजारात न्यायची वेळ तिच्यावर येणार नाही. अशा तीन शेळ्या यंदा माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. त्यातली एक दिवसाला दीड लिटर देत होती.

आमच्या शिवारातली कणसं अजून पंधरा दिवस नख लावण्यासारखी राहतील. तेवढ्यात कॉर्नफ्लोअरची दुरुस्ती तरी छापून यावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका व शेळीपालक,
ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर