ग्राफिक्सचे फर्मवेअर लिनक्ससोबतच शाळेत पोहोचावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे आपल्या खान्देशातील शाळा आणि वाचनालयांनी जुने संगणक भंगारात न काढता त्यांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) घालावी, असे मला मनापासून वाटते. मात्र त्यात ग्राफिक्स फर्मवेअरची बाब हमखास राहून जाते.

फर्मवेअर म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. संगणक सुरू होताना ड्रायव्हर (कार्यप्रणालीचा चिप हाताळणारा भाग) तो डिस्कवरून उचलून चिपमध्ये घालतो. तो मिळाला नाही तर कधी पडदा काळाच राहतो, तर कधी चित्र उमटवण्याचे सारे काम प्रोसेसरवर पडून धड्याचा व्हिडिओ अडखळू लागतो. शिवाय निर्मात्याची डिजिटल सही तपासल्याखेरीज आता अनेक चिपा फर्मवेअर स्वीकारतच नाहीत. ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०१४ मध्ये जीटीएक्स ९७० आणि ९८० या ग्राफिक्स कार्डांपासून ही अट कडक केली. या कार्डांसाठीचा नूव्हो हा मुक्त (कंपनीबाहेरच्यांनी खुला लिहिलेला) ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना त्यामुळे कंपनीच्या फायलींची वाट पाहावी लागली; २०१६ मध्ये त्या आल्या, पण वेग वाढवण्यासाठी लागणारा भाग त्यांत नव्हता, म्हणून ती कार्डे या ड्रायव्हरवर सुरुवातीच्या मंद वेगानेच चालतात. एनव्हिडियाच्या २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांची ही अडचण जीएसपी (कार्डावरच्या नियंत्रक प्रोसेसरच्या) फर्मवेअरमुळे दूर झाली आणि जानेवारी २०२४ मधील लिनक्स ६.७ पासून नूव्हो ते वापरू लागला. सहीमुळे बनावट फर्मवेअर कार्डात शिरत नाही, हे मान्य. पण आपण पैसे मोजून घेतलेल्या कार्डावर काय चालावे हे कंपनीनेच ठरवावे, हे मला न्याय्य वाटत नाही.

धडगाव, अक्कलकुव्याकडच्या डोंगरी पाड्यांवर इंटरनेटचा भरवसा नसतो, तेव्हा फर्मवेअर मागाहून उतरवून घेऊ म्हणणे व्यर्थ आहे. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने २०२२ मध्ये सदस्यांचे मतदान घेऊन, जून २०२३ च्या आवृत्ती १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच दिले आहे. ओपनबीएसडी या दुसऱ्या मोफत कार्यप्रणालीत ते एरवी नेटवरून येते, तरी प्रकल्पाची सही असलेल्या फायली आधी पेनड्राइव्हवर घेऊन बसवता येतात. कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावरून मात्र अशी फाइल घेऊ नये.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हा परिषदांना माझी विनंती आहे की, यापुढे संगणक खरेदीच्या निविदेत ग्राफिक्स चिपचे नेमके नाव मागावे, तिचे फर्मवेअर मोफत वाटता येते का हे लेखी विचारावे आणि पुरवठादाराने इंटरनेट बंद ठेवून, लिनक्सवर व्हिडिओ चालवून दाखवल्यावरच देयक मंजूर करावे.

आपला नम्र,
एक संगणक शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)