आकाश बदला, पण सूर्य सांभाळा

महोदय,

बांधकामांच्या जाहिरातींतली संगणकी चित्रं बनवणं हा माझा धंदा, म्हणून त्यांतल्या चुकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. रेंडर, म्हणजे संगणकानं तयार केलेलं इमारतीचं चित्र, अल्फा चॅनलसकट (कुठला भाग पारदर्शक हे सांगणारी माहिती) पीएनजी प्रकारच्या फाइलीत काढलं की फोटोशॉपमध्ये मागचं आकाश बदलणं सोपं. त्यात गैर काहीच नाही. पण मागे लावलेल्या आकाशाच्या फोटोत सूर्य डावीकडे आणि इमारतीची सावलीही डावीकडेच? क्षितिज कॅमेऱ्याच्या उंचीशी जुळत नाही, त्यामुळे इमारत अधांतरी दिसते. काचांत मात्र जुनंच आकाश! पानांच्या कडेची पांढरी किनार तर विचारूच नका. 'डीफ्रिंज' (ही किनार काढायची फोटोशॉपमधली सोय) करायचाही कंटाळा. हे झालं हलगर्जीपणाचं. इमारतीमागे नसलेला डोंगर चिकटवणं ही मात्र गिऱ्हाइकाची फसवणूक. पार्श्वभूमी काल्पनिक असेल, तर तसं चित्राखालीच वाचता येईल एवढ्या टाइपात छापा.

– एक रेंडर कलाकार