गच्चीच्या कठड्यांना रंग देण्याआधी

मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : गच्चीच्या ॲल्युमिनियम कठड्यांचे रंगकाम

सा. न. वि. वि.

रविवारच्या सभेत रंगकामाचे कोटेशन वाचून दाखवले गेले. ‘घासून दोन हात ऑइलपेंट’ एवढाच मजकूर त्यात होता. तीन वर्षांपूर्वीच्या कामाच्या बिलातही हेच शब्द होते आणि दुसरा पावसाळा सरेपर्यंत पोपडे निघाले. ते पैसे आपल्या सगळ्यांचे होते, म्हणून सही करण्याआधी हे पत्र.

काल मांडवीच्या बाजूच्या कठड्यावरचा एक फुगा मी नखाने उचलला. आत तांदळाच्या पिठीसारखी पांढरी पूड होती आणि पत्र्यावर किडीने कोरल्यासारख्या बारीक रेषा. म्हणजे रंगाखालीच गंज पसरत गेला आहे. ॲल्युमिनियमवर आपोआप ऑक्साइडचा पातळ थर येतो, तोच त्याचे रक्षण करतो. पण खाऱ्या हवेतले मीठ तो थर ठिकठिकाणी फोडते. पाण्याच्या टाकीच्या छपराखालचे कठडे सर्वांत खराब का, तर तिथे पाऊस पोचत नाही आणि साचलेले मीठ धुतले जात नाही.

त्यामुळे पहिले काम गोड्या पाण्याने धुण्याचे. मग तेलकटपणा काढावा, घासावे त्यानंतरच; आधी घासले तर तेल ओरखड्यांत मुरते. तयारी झाली की नाही हे कोणालाही तपासता येईल. कठड्यावर पाणी ओतावे. सलग पसरले तर ठीक, अळवाच्या पानासारखे थेंब धरले तर पुन्हा पुसायला लावावे.

लोखंडी तारेचा ब्रश मात्र गच्चीवर येऊच देऊ नये. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच खड्डे पडू लागतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पॉलिश पेपर वापरावा. पायथ्याचे गंजलेले लोखंडी स्क्रूही बदलायला हवेत. खाऱ्या ओलाव्यात दोन धातू चिकटून राहिले की झीज ॲल्युमिनियमची होते. ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू आणि खाली नायलॉनचे वॉशर बसवावेत.

घासलेला भाग त्याच दिवशी, शक्यतो दोन-तीन तासांत, प्रायमरने झाकला गेला पाहिजे. लोखंडासाठीचा रेड ऑक्साइड इथे नको. ॲल्युमिनियमसाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे आम्लाने पृष्ठभाग किंचित कोरून पकड धरणारा, पातळ द्यावा. त्यानंतरचे हात त्याच कंपनीचे आणि त्यावर चालणारे असावेत.

वेळेचे मी आवर्जून सांगतो. सकाळी दव असते, दुपारी खारे वारे सुरू होतात. दव वाळल्यापासून वारा फिरेपर्यंतचे तेवढे तासच आपले. म्हणून एका दिवशी जेमतेम दहा-बारा फुटांचेच काम घ्यावे, आणि पावसाळा पुरता सरल्याशिवाय सुरुवातच करू नये. कंत्राटदार मजुरीचे दिवस वाढतात म्हणून कुरकुर करेल, पण घाईत झालेले काम आपण एकदा पाहिले आहे.

विनंती अशी की ही सगळी कामे कोटेशनमध्ये वेगवेगळी लिहून घ्यावीत आणि प्रायमरपूर्वीची पाहणी झाल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नये. पाहणीला मी रोज सकाळी गच्चीवर येईन. पाण्याच्या टाकीजवळच्या कठड्यापासून सुरुवात करावी, तो सर्वांत बिघडलेला आहे.

कळावे.

आपला,
सदनिका क्र. ३०४