जिन्याला उरलेली जागा नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या घरबांधणीच्या पुरवणीत ३० बाय ४०च्या प्लॉटचे आराखडे येतात, ते मी कापून ठेवते. सध्या मुलाने नवं घर बांधायला काढलंय. या आराखड्यांत बेडरूमची मापं असतात, स्वयंपाकघराची असतात, तुळशीवृंदावन कुठे तेही असतं. जिन्याच्या जागी मात्र चार-सहा रेघा आणि एक बाण. पायरी किती उंच, किती रुंद, त्याचा पत्ता नाही.

आमचं सध्याचं घर १९९३ सालचं. तेव्हा खोल्या आधी आखल्या आणि कोपऱ्यात उरलं ते जिन्याला दिलं. मिस्त्री म्हणाला, “बसवतो वहिनी.” आणि बसवला त्याने. १० फूट चढायला १५ पायऱ्या, म्हणजे राइज (पायरीची उंची) ८ इंच, ट्रेड (पाऊल टेकायची रुंदी) जेमतेम ९. वळणावर लँडिंगऐवजी, म्हणजे सपाट टप्प्याऐवजी, तीन त्रिकोणी पायऱ्या. सगळ्यात वरची पायरी तर साडेनऊ इंचांची झाली. जिना ओतला तेव्हा सगळ्या सारख्याच होत्या. पण पुढे खाली-वर दोन्हीकडे भर घालून फरशी बसवली, ती ३ इंच चढली, आणि पायऱ्यांवर कोटा दगड बसला तो दीड इंच. राहिलेला दीड इंच त्या शेवटच्या पायरीत गेला. खालच्या पहिल्या पायरीतून तेवढाच कमी झाला. पाय बिचारा आधीच्या पायऱ्यांच्या सवयीने उचलला जातो. गेल्या तीस वर्षांत तिथे ठेच न लागलेला माणूस आमच्या घरात नाही, आणि किती कप फुटले त्याचा हिशेब मी सोडून दिलाय.

सासूबाई वरच्या खोलीत राहायच्या. २०११ साली त्या न्हाणीत पडल्या, मांडीचं हाड मोडलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. त्या त्रिकोणी पायऱ्यांपाशी आतल्या बाजूने धरणाऱ्याला पाऊल टेकायला तीन इंचही नव्हते. खुर्ची कलली. तशा कळांतही सासूबाई म्हणाल्या, “अरे, दवाखान्यात न्यायचंय ना मला, का इथनंच पोचवताय?”

म्हणून मुलाने नव्या घराचा प्लॅन दाखवला तेव्हा मी हॉल-किचन सोडून आधी जिना बघितला. पुन्हा तेच. राइज साडेसात, ट्रेड ९, आणि वळणावर तीन त्रिकोणी. का, तर स्टडीरूम मोठी होते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरगुती जिन्याला पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर सांगितली आहे. म्हणजे साधारण साडेसात आणि १० इंच. उंचीत आम्ही काठावर पास, रुंदीत नापास. (आयुष्यभर पेपर तपासले, सवय जात नाही.)

मग मी जुन्या घराच्या गच्चीवर खडूने नवा जिना खऱ्या मापात आखला. मधे सपाट लँडिंग, दोन्हीकडे सव्वातीन फूट रुंदीच्या पायऱ्यांच्या ओळी, ट्रेड ११ इंच. त्यावरून सून कपड्यांची बादली घेऊन चालली, नातू पळाला, मी गुडघ्यांना विचारत चालले. आधी १८ पायऱ्या धरल्या होत्या, पण आमच्या मेहुण्यांना सम संख्या चालत नाही. म्हटलं, १९ करा, फक्त सगळ्या सारख्या करा. चढ उलट हलका झाला, सव्वासहा इंचांच्या आसपास आला. जागा लागली सात बाय बारा फूट. मुलगा म्हणाला, “आईने जिन्याचा सातबारा काढला.” स्टडीरूम आखडली. नातू तसाही स्वयंपाकघरातल्या टेबलावरच अभ्यास करतो.

खरा वाद झाला तो जिना आतून की बाहेरून यावर. पुढेमागे वरचा मजला भाड्याने द्यायचा म्हणून मुलाला बाहेरून हवा होता. पावसाळ्यात बाहेरचा जिना शेवाळतो हे एक. पण मला जास्त खुपतं ते असं, की बाहेरून जिना असलेल्या घरांत खाली आमटीला फोडणी दिली तरी वरच्यांना जेवायला फोन करून बोलवावं लागतं. शेवटी जिना पुढच्या दारालगतच्या लॉबीत घेतला. आज तो घरातलाच आहे. उद्या लॉबीत एक दार बसवलं की वरचं बिऱ्हाड वेगळं. हे आर्किटेक्टला नाही, सुनेला सुचलं.

लँडिंगखाली टॉयलेट काढायचा आग्रह मात्र मी मोडून काढला. लँडिंग सव्वापाच फुटांवर, त्यात स्लॅबची जाडी गेली की आत जाणारा प्रत्येक जण आधी वाकून नमस्कार करणार. तिथे आता वॉशिंग मशीन आणि गव्हाचं पिंप राहील.

आपल्या पुरवणीला एवढीच विनंती, की प्रत्येक आराखड्यात जिन्याजवळ चार आकडे छापावेत: मजल्याची उंची, पायऱ्यांची संख्या, राइज आणि ट्रेड. आणि फरशीची जाडी जिना ओतण्याआधीच ठरवा, हेही एका ओळीत टाकावं. आमचा स्लॅब दिवाळीनंतर आहे. मिस्त्रीला मी फरशीचा आणि कोट्याचा एकेक तुकडा आधीच नेऊन दिलाय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड