एफ-१ दाबा

सांगली, रविवार

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

नंदूच्या लग्नातून तू रात्रीच पुण्याला निघालीस, बोलणं राहूनच गेलं. अण्णामामाने तुला व्याह्यांपुढे उभं करून "ही आमची गीक बरं का!" म्हटलं, तू हसलीस. माझ्या घशाखाली मात्र जिलबी उतरेना. घरी येऊन तो शब्द शोधला. आज कॉम्प्युटरवेड्यांना म्हणतात, पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या जत्रांत जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणाऱ्या माणसाला गीक म्हणत. अण्णाला हे कळवावं असं फार मनात येतंय. माळकरी माणूस!

१९९७ साली आपण जुना ४८६ कॉम्प्युटर घेतला तेव्हा हाच अण्णा काय म्हणाला होता, आठवतं? तू चौदा वर्षांची. त्या मशीनचं झाकण तू कधी लावूच दिलं नाहीस. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने पुसायचीस आणि डबा परत सुरू झाला की स्वयंपाकघरात धावत सांगायला यायचीस. अण्णा म्हणाला, "ढापणी झालीच आहे, आता एकलकोंडी होईल. डब्यापुढे बसणारी सून कोणाला हवी?" मी गप्प बसले. वर दहावीच्या वर्षी कीबोर्ड उपसून गोदरेजच्या कपाटात कुलपात ठेवला. संध्याकाळी तू मशीन सुरू केलंस तर पडद्यावर आलं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-१ दाबा. तू रडशील असं मला वाटलं होतं. तू पोट धरून हसलीस. मला त्यातला विनोद कळायला दोन दिवस लागले.

मी एवढी का घाबरले होते, ते तुला कधी सांगितलं नाही. बँकेत आम्ही युनियनवाल्या. १९८३ साली बँका आणि युनियनांचा करार झाला, त्यानंतर हळूहळू शाखांमध्ये यंत्रं आली. कॉम्प्युटर म्हटलं की आम्ही भडकायचो, म्हणून त्याला लेजर पोस्टिंग मशीन म्हणायचं. आमच्या शाखेत त्यावर हौसेने बसायला एकच मुलगा तयार झाला. त्याला आम्ही 'किडा' म्हणायचो. दुपारी त्याच्यासोबत कोणी डबा उघडत नसे. मीही नाही. बॅलन्सिंग जुळवायला आम्ही रात्री आठ-आठपर्यंत बसायचो, ते त्याच्या मशीनमुळे संपलं. त्याबद्दल त्याला कोणी साधा चहा पाजला नाही. हा आपली नोकरी खाणार, एवढंच डोक्यात. तू पडद्यापुढे बसलीस की मला तो एकटा जेवणारा मुलगा दिसायचा.

मग २००० साल जवळ आलं आणि वायटूके आलं. सालाचे दोनच आकडे ठेवलेले जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला ओळखीपाळखीची पोरं अमेरिकेला गेली आणि बघता बघता 'सॉफ्टवेअरमधला' म्हटलं की स्थळाचा भाव वाढायला लागला. लोकांना किडे आवडायला लागले, असं मी तरी म्हणणार नाही. डॉलर आवडायला लागले. गेल्या वर्षी तू भरल्या पगाराची नोकरी सोडून अंधांना मराठी वाचून दाखवणारा प्रोग्रॅम करायला बसलीस, तेव्हा अण्णाचा मला फोन: "पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय का?" त्याच्या मनातली ढापणी कुठेही गेलेली नाही. मधली काही वर्षं तिच्या अंगावर पगाराची शाल होती, इतकंच.

मांडवात एक बाई "मुलगी असून?" असंही म्हणाल्या. तू मागे सांगितलेल्या त्या सहा जणी आठवल्या. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हा सुरुवातीचा अवाढव्य कॉम्प्युटर लोकांना दाखवला, त्यावरचे प्रोग्रॅम ज्यांनी बसवले त्या. रात्रीच्या मेजवानीचं त्यांना बोलावणंच नव्हतं. म्हणजे मशीन चालवणाऱ्याला जेवायला न विचारणं हे काही आमच्या शाखेपुरतं नव्हतं.

तो मुलगा आता निवृत्त आहे, पेन्शनरांच्या ग्रुपवर असतो. नोव्हेंबरात माझा हयातीचा दाखला मोबाईलवर निघेना, बोटांचे ठसेच घेईना, तेव्हा त्यालाच फोन केला. घरी येऊन दहा मिनिटांत काढून दिला. मी त्याला जेवायला थांबवलं. जेवताना तो तुझ्या प्रोग्रॅमबद्दलच विचारत होता, 'ऱ्य' आणि 'र्य' तो वेगळे कसे ओळखतो म्हणून. मला काय सांगता येणार! तू येशील तेव्हा पुन्हा बोलावते.

परवा माळा आवरताना तो कीबोर्ड सापडला. पिवळा पडलाय, स्पेसबार अडकतो. भंगारवाला गुरुवारी येतो. एफ-१ दाबून पाहिली, ती चांगली आहे. ठेवू की देऊ ते कळव.

तुझी,
आई